मसाला पिठात नको, लोण्यात घाला: घरच्या चॉकलेट चिप कुकीविषयी

प्रश्न: काकू, मी पुण्यात वारज्याला राहते. दोन महिन्यांपूर्वी ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन घेतला. दालचिनी-वेलची घातलेल्या चॉकलेट चिप कुकीज आतापर्यंत तीनदा केल्या. पहिल्यांदा सगळ्या पसरून एकमेकींना चिकटल्या, ट्रेभर एकच पोळी झाली. दुसऱ्यांदा मैदा वाढवला तर केकसारख्या फुगल्या. तिसऱ्यांदा आकार जमला, पण मुलं म्हणाली कुकीला पुलावाचा वास येतोय, आणि चिप्स मेणासारख्या लागल्या. कृती परदेशी आहे, कपाच्या मापाची. सासूबाई अंडं खात नाहीत, तेव्हा बिनअंड्याचंही सांगा.

उत्तर: ताई, तीन घाणे बिघडूनही तुम्ही चौथ्याची तयारी करताय, म्हणून मीही हातचं काही राखून ठेवत नाही. कोथरूडला घरातून कुकी आणि नानकटाईच्या ऑर्डरी घेते त्याला १८ वर्षं झाली. दिवाळीच्या आधी आणि डिसेंबरात माझ्या ओट्यावर मसाल्याचीच कुकी जास्त असते. पसरण्याचं दुखणं सोपं आहे, त्याकडे नंतर येते. आधी पुलावाचं बघू, कारण सगळी गोम तिथेच आहे.

तुम्ही मसाल्याची पूड मैद्याबरोबर चाळून घेतली असणार. परदेशी कृतीत बहुतेक तसंच लिहिलेलं असतं. पण आपण फोडणी तेलात का करतो? हिंग, मोहरी, लवंग, दालचिनी यांचा वास ज्या तेलांमध्ये असतो ती तेलं पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्ध पदार्थात विरघळतात. कुकी ओव्हनमध्ये जेमतेम १२ मिनिटं असते. तेवढ्या वेळात कोरड्या मैद्यात बसलेला मसाला कच्चाच राहतो, म्हणून तो नाकाला लागतो आणि जिभेवर तुरट, जरा कडवट उतरतो. तोच मसाला गरम लोण्यात पडला की कुकीभर सारखा पसरतो आणि चॉकलेटच्या मागे उभा राहतो. माझ्या कुकीत मसाला मैद्याला शिवतच नाही, आधी लोण्यात जातो.

लोणी म्हणजे कसं, ते नीट सांगते. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात १५० ग्रॅम बिनमिठाचं बटर मंद आचेवर ठेवा. काळं नॉनस्टिक नको, त्यात रंग कळत नाही. बटर आधी वितळेल, मग तडतडायला लागेल. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, ते उडत असतं. तडतड मंदावली की वर पांढरा दाट फेस येतो. आता पातेल्यापासून हलायचं नाही. चमच्याने फेस बाजूला सारून तळ बघत राहा. तळाचे पांढरे कण आधी पिवळट दिसतील, मग बदामी, आणि बदामीवरून विटकरीकडे झुकले की घरभर भाजलेल्या काजूसारखा खमंग वास सुटेल. त्या क्षणी गॅस बंद. पातेलं तापलेलं असतं, त्यात तसंच राहिलं तर अर्ध्या मिनिटात कण काळे पडतात, म्हणून लगेच दुसऱ्या स्टीलच्या भांड्यात ओता आणि तळाशी चिकटलेलं चमच्याने खरवडून घ्या.

हे काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. ही बेरी. घरचं लोणी कढवताना आपण इथेच गाळणी घेतो, तूप बरणीत जातं आणि बेरी पातेल्यात उरते. माझी आई त्यात चमचाभर साखर घालायची आणि आम्ही भावंडं ते पातेलं घासायला टाकायच्या आधीच लखलखीत करायचो. कुकीसाठी ती बेरी गाळायची नाही, तिचाच खमंगपणा हवा आहे. बाहेरच्या पुस्तकांत याला ब्राउन बटर म्हणतात आणि ते फार अवघड असल्यासारखं लिहितात. आपल्याकडे ज्या घरात तूप कढतं त्या घरातल्या बाईला ते आधीपासून येतं, फक्त कुकीसाठी आपण ते गाळत नाही.

आता मसाला. या मापाला मी घेते एक लहान चमचा दालचिनी पूड, अर्धा लहान चमचा सुंठ, १२ वेलदोड्यांच्या दाण्यांची पूड, पाव चमचा किसलेलं जायफळ, ५ मिरे आणि २ लवंगा. लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा, सपाट. लवंगा दोनच. पहिल्या वर्षी ४ किलोच्या एका ऑर्डरला मी लवंग अंदाजाने घातली होती. ज्यांनी ऑर्डर दिली होती त्या बाईंनी एक कुकी तोडून हुंगली आणि म्हणाल्या, "दातांच्या दवाखान्याचा वास येतोय." त्यांचं बरोबर होतं. लवंगेत युजेनॉल असतं आणि दातांच्या औषधात तेच वापरतात. सगळी ऑर्डर परत करून दिली. तेव्हापासून लवंग मी मोजूनच घालते.

सगळं एकदम लोण्यात टाकू नका. लोणी भांड्यात काढल्यावर मिनिटभर थांबा, मग दालचिनी, सुंठ, मिरे आणि लवंग घाला, थोडा फेस येईल. वेलची आणि जायफळ मात्र लोणी बोटाला सोसेल इतकं कोमट झाल्यावर. पुरण गॅसवरून उतरवल्यावर आपण वेलची-जायफळ घालतो ना, त्याच कारणाने. या दोघांचा वरचा, गोडसर वास फार उडता असतो, उकळत्या स्निग्धात पडला की स्वयंपाकघरात दरवळतो आणि कुकीत उरत नाही.

पूड वस्त्रगाळ हवी. दालचिनी मिक्सरमध्ये कितीही फिरवली तरी तिचे काडीसारखे कण राहतात आणि सुंठीचे तंतू दातात येतात. बारीक चाळणीवर किंवा मलमलच्या फडक्यावर गाळून घ्या. तयार पूड वापरायची तर डबी उघडून लांबून हुंगा. वास नाकापर्यंत आपणहून आला पाहिजे. डबीत नाक घालावं लागत असेल तर ती पूड चहालासुद्धा उपयोगाची नाही. दालचिनीबद्दल अजून एक. आपल्याकडे किराणा दुकानात मिळते ती बहुतेक जाड, टणक, एकाच सालीची असते. ती खरं तर कॅसिया, चवीला तिखट. श्रीलंकेची दालचिनी कागदासारख्या पातळ सालींची असते, एकात एक गुंडाळलेली, बोटाने चुरडते आणि वासाला गोडसर. रविवार पेठेत मसाल्याच्या मोठ्या दुकानात विचारलं तर मिळते. जाड दालचिनीच असेल तर माप पाऊण चमच्यावर आणा, पुलावाचा वास निम्मा तिथेच कमी होईल. आणि गरम मसाल्याचं पाकीट उघडून तोच चमचाभर घालायचा मोह झाला तर आवरा. त्यात धने-जिरे असतात, ते चॉकलेटशी कधी जुळत नाहीत.

चॉकलेट आणि मसाला ही जोडी आपण जबरदस्तीने लावतोय असं समजू नका. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या भागात माया आणि अ‍ॅझटेक लोक कोकोच्या पेयात मिरची घालत. पुढे स्पॅनिश लोकांनी त्यात साखर आणि दालचिनी आणली. चॉकलेट चिप कुकी त्या मानाने अगदी अलीकडची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटमन गावात टोल हाउस इन नावाची खाणावळ होती, तिथे रूथ वेकफिल्ड यांनी १९३० च्या दशकात ती पहिल्यांदा केली. त्यांच्या कुकीत आपला मसाला नव्हता. वेलची-जायफळ आपल्या श्रीखंड-बासुंदीचं, आणि म्हणून पुण्यात ही कुकी मुलांच्या आधी आजी लोकांना आवडते, हा माझा अनुभव आहे.

आता पसरण्याकडे येऊ. तुमची पहिली आणि दुसरी चूक एकच आहे, कपाचं माप. एकाच कपात मैदा हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम बसतो, पिशवीत कप खुपसून काढला तर १४० ते १५० ग्रॅम. पहिल्यांदा कमी पडला, दुसऱ्यांदा तुम्ही वाढवलात तो जास्त झाला. तुळशीबागेत जाल तेव्हा एक छोटा डिजिटल वजनकाटा घ्या. ओटीजीएवढीच त्याची गरज आहे. भाजी अंदाजाने होते, बेकिंग नाही होत.

दुसरं कारण उन्हाळा. कृतीत "खोलीच्या तापमानाचं बटर" म्हटलेलं असतं, तेव्हा लिहिणाऱ्याची खोली १८-२० अंशांची असते. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा ओट्यावरचं बटर १० मिनिटांत वितळायला लागतं. मऊ बटरची गोळी ओव्हनमध्ये गेली की मैदा घट्ट धरायच्या आधीच ती वाहून जाते. माझ्या पद्धतीत बटर वितळलेलंच असतं, म्हणून पीठ गार करणं इथे टाळता येत नाही.

घटक असे घ्या. वर सांगितलेलं कढवलेलं मसाल्याचं लोणी, १५० ग्रॅमचं कढून साधारण १२५ ग्रॅम उरतं. साखर ८० ग्रॅम, मिक्सरला दोनदाच फिरवलेली. आपल्याकडची साखर जाड दाण्याची, ती विरघळत नाही आणि दाताखाली कचकचते, पण पार पिठीही करू नका. गूळ पावडर १२० ग्रॅम, चाळून. एक अंडं. एक मोठा चमचा दूध, उडालेल्या पाण्याच्या बदल्यात. मैदा २०० ग्रॅम, खायचा सोडा अर्धा लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा, आणि चॉकलेट १५० ग्रॅम. एवढ्यात ४० ग्रॅमच्या १८ कुकी होतात.

गुळाविषयी थांबून सांगते. परदेशी कृतीत ब्राउन शुगर असते, म्हणजे मळी मिसळलेली साखर. गूळ तिचंच काम करतो आणि माझ्या मते जास्त चांगलं करतो. तो हवेतला ओलावा धरतो, म्हणून कुकी मधे मऊ आणि चिवट राहते. किंचित आंबटपणा असल्यामुळे सोडा नीट काम करतो. रंग लवकर चढतो. सुंठ आणि वेलची तर गुळाशी जन्मापासून ओळखीच्या आहेत, सुंठवडा आठवा. पण चिक्कीचा गूळ घेऊ नका, तो चिवट होऊन ताणला जातो. आणि सगळीच साखर काढून गूळच घातला तर चॉकलेट मागे पडतं आणि कुकी काकवीसारखी लागते. मी तोही प्रयोग पुष्कळदा करून पाहिला आणि शेवटी या मापावर आले.

कोमट लोण्यात साखर आणि गूळ घालून व्हिस्कने दोन मिनिटं फेटा. अंडं आणि दूध घाला आणि पुन्हा फेटा. आधी मिश्रण फुटल्यासारखं, लोणी वेगळं दिसेल, घाबरू नका. फेटत राहिलात की दाट आणि तकतकीत होईल, चमच्यावरून पट्टीसारखं पडेल. ते झाल्याशिवाय मैदा घालायचा नाही. मग मैदा, सोडा, मीठ एकत्र चाळून घाला आणि उलथन्याने फक्त एकत्र करा. मळू नका, ही कणीक नाही. कोरडा मैदा दिसेनासा झाला की चॉकलेट घाला आणि हात थांबवा. पीठ सैल वाटेल. मैदा वाढवायची हीच वेळ असते असं मनात येईल. वाढवू नका. झाकून फ्रिजमध्ये ठेवा, अर्ध्या तासात ते आपोआप घट्ट होतं.

कमीत कमी दोन तास, जमलं तर रात्रभर. मैदा ओलावा पितो, कुकी पसरत नाही आणि भाजल्यावर रंग जास्त खरपूस येतो. मसाल्याच्या कुकीला रात्र दिलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. लोणच्यासारखा तो मुरतो.

चॉकलेटच्या चिप्स मेणासारख्या का लागल्या, ते पाकिटाच्या मागे लिहिलेलं आहे. घटकांमध्ये कोको बटर असेल तर ते खरं चॉकलेट. हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट असेल तर ते कंपाउंड. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे तोंडातल्या उबेने. कंपाउंडमधलं वनस्पती स्निग्ध त्या उबेला पूर्ण विरघळत नाही आणि टाळूला थर बसतो. केकवर लावायला कंपाउंड सोयीचं, कुकीत मला ते चालत नाही. चिप्सपेक्षा साधी डार्क चॉकलेटची वडी घ्या, ५० ते ५५ टक्के कोकोची, आणि सुरीने ओबडधोबड चिरा. चिरताना पडतो तो भुगाही पिठात टाका, त्याने पिठाला छान ठिपके येतात. मसाला असताना फार कडू, ७० टक्क्यांच्या पुढचं चॉकलेट घेऊ नका, दालचिनी आणि ते दोघंही कडूपणाकडे ओढतात.

भाजणं. ओटीजी १७० अंशांवर, वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू, १५ मिनिटं आधी तापवा. लाल दिवा विझला म्हणजे तापलं असं धरू नका, भिंती तापायला वेळ लागतो. बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत फरक असतोच. माझा पहिला ओटीजी २० अंश जास्त तापायचा आणि मी वर्षभर स्वतःच्या हाताला दोष देत होते. आत ठेवायचा थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर पंख्यामुळे १० अंश कमी ठेवा.

ट्रेवर बेकिंग पेपर, गोळ्यांमध्ये चार बोटं अंतर, आणि गोळ्या फ्रिजमधून थेट ट्रेवर. पण आधी एकच गोळी भाजा. चकलीच्या भाजणीची पहिली चकली आपण तळून बघतो आणि मग मोहन कमी-जास्त करतो, तसंच. फार पसरली तर बाकीच्या गोळ्यांना अजून गार करा किंवा दोन चमचे मैदा मिसळा. अजिबात पसरली नाही तर हाताने किंचित दाबा. अठरा गोळ्या वाया घालवण्यापेक्षा एक गेली तर बिघडत नाही.

११ ते १३ मिनिटं. कडा तपकिरी आणि मधला भाग अजून ओलसर, जरा फुगलेला दिसला की बाहेर काढा. इथे बहुतेक जणी चुकतात, कारण आपला हात नानकटाईवर बसलेला असतो आणि नानकटाई आतून कोरडी होईपर्यंत भाजायची असते. ही कुकी गरम ट्रेवर पुढची १० मिनिटं शिजत राहते. ओव्हनमध्येच टणक झाली तर गार झाल्यावर दगड होईल. गार झालेली पहिली कुकी उलटी करून बूड बघा. वर रंग नाही आणि बूड काळपट असेल तर ट्रे एक खाच वर घ्या. दुसरा घाणा गरम ट्रेवर कधी ठेवू नका. ट्रे नळाखाली गार करून, पुसून घ्या.

सासूबाईंसाठी: अंड्याच्या जागी ४० ग्रॅम घट्ट दही, तासभर फडक्यात टांगून पाणी काढलेलं, आणि दूध एकाऐवजी दोन चमचे. मैद्यातला एक मोठा चमचा काढून तेवढं कॉर्नफ्लोअर घाला. फेटताना मिश्रण अंड्याइतकं तकतकीत होणार नाही, ते ठीक आहे. कडा जरा कमी कुरकुरीत होतात, मधला भाग मात्र जास्त मऊ. दही आंबट नको. आणि घरात बटर नसून तूपच असेल तर १२५ ग्रॅम तूप घ्या, ते मंद गरम करून त्यात दोन चमचे दूध पावडर बदामी होईपर्यंत परता. बेरीचा खमंगपणा तसाच येतो. तुपाची कुकी नानकटाईकडे झुकते, खुसखुशीत होते, पसरतही कमी. माझ्या सासूबाईंना तीच आवडायची. मीठ घातलेलं पिवळं बटर वापरलंत तर कृतीतलं मीठ पूर्ण वगळा.

भाजलेल्या कुकी पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा. कोमट असताना झाकण लावलं तर वाफ धरते. डबा हवाबंद असेल तर आठवडाभर टिकतात, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा चांगल्या लागतात, वेलची तोवर वर येते. पाहुणे रविवारी असतील तर शनिवारी भाजा. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र गूळ असल्यामुळे त्या लवकर सादळतात. सादळल्या तर १५० अंशांवर चार मिनिटं ठेवून गार करा, कडा परत येतात. पावसाळ्यात मी त्यापेक्षा भाजतेच थोड्या. गोळ्या वळून ताटलीत घट्ट गोठवते, मग पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवते, दोन महिने राहतात. संध्याकाळी पाऊस लागला की चहाचं आधण ठेवायच्या आधी ओटीजी लावते आणि चार गोळ्या न वितळवता तशाच भाजते. त्यांना दोन मिनिटं जास्त द्या.